झाडाच्या वतीने

आयिप्पसी हा तमिळ महिना लागला की माझा फोन वाजू लागतो. आपल्या गावाकडे तेव्हा पाऊस परतून गेलेला असतो, कापूस फुटायला लागलेला असतो. इथे चेन्नईत त्याच दिवसांत आभाळ समुद्रावरून वर चढायला लागतं. वारा दिशा बदलतो, दुपारी अचानक दारं आपटतात, आणि वर्षभर ज्यांना आपल्या दारात झाड आहे याचा विसर पडलेला असतो त्यांना ते एकदम आठवतं. "मॅडम, आमचं झाड कललंय." "मॅडम, शेजारी म्हणतात फांदी त्यांच्या गाडीवर येणार." यंदाही परवापासून सुरू झालं. मी ऐकते, हं हं म्हणते, पत्ता विचारते, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ तशीच बसून राहते. गुडघे दुखतात ते वेगळं. हा थकवा बोलण्याचा आहे. तेच बोलणं, त्याच शब्दांत, दरवर्षी नव्या माणसाशी.

माझा धंदा झाडं छाटण्याचा. इथले लोक मला मरम डॉक्टर म्हणतात. मरम म्हणजे झाड. मी मूळची अकोल्याकडची. शेतकीची पदवी घेतली, संत्र्याच्या बागांमधून छाटणी शिकले आणि लग्न होऊन चेन्नईजवळच्या आवडी गावाला आले. नवरा तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होता. सरकारी वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरपुढचा गुलमोहर माळी कुऱ्हाडीने तोडत होता. मी पदर खोचून त्याला थांबवलं आणि करवत घेऊन फांदी नीट उतरवून दाखवली. तिथून शेजारणी बोलवायला लागल्या, मग शेजारणींचे नातेवाईक, मग शहर.

बागेत प्रश्न सोपा असतो. संत्र्याचं झाड संत्र्यांसाठी. त्याला काय सोसवेल आणि मालकाला काय हवं, या दोन गोष्टी बहुतेक एकाच वाटेने जातात. शहरात तसं नाही. एकाला सावली हवी, दुसऱ्याला ऊन, तिसऱ्याला गच्चीवरची टाकी दिसायला हवी, चौथ्याला पानगळीचा कंटाळा. पैसे देणारा सांगतो तसं करायचं, तर मग मी कशाला? आणि झाडाचं म्हणणं मांडायचं, तर ते मला कुणी सांगितलं? ओल्या वाऱ्याचा पहिला झोत आला की हा प्रश्न माझ्या अंगात दुखतो, जुनं मोडलेलं हाड दुखावं तसा. आणि मग मला तो एक मोसम आठवतो.

तेव्हा पेरुंगुडीच्या बाजूला काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. आपल्याकडची पोरं गळ्यात ओळखपत्रं अडकवून तिकडे कामाला येत होती. मी आणि सेल्वम, आमची भागीदारी नुकती बसत होती. माणसं, दोर, करवती, टेम्पो हे सगळं त्याचं. तपासणी आणि काय कापायचं हा निर्णय माझा. सेल्वम पूर्वी ठेक्यावर झाडं पाडायचा. बोटात जाड अंगठी, कमरेला मोबाईलचं पाकीट, आणि बोलणं रोखठोक. माझ्याबरोबर आल्यापासून त्याची माणसं फांदी आधी खालून अर्धवट कापायची, मग वरून, म्हणजे पडताना ती खोडाची साल ओरबाडत नाही. फांदीच्या बुडाशी जी सुरकुती असते तिला हात लावायचा नाही, कारण जखम तिथूनच भरून येते. तो हे सगळं शिकला होता. पटलं किती होतं, कोण जाणे.

त्या आयिप्पसीत पेरुंगुडीच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. आवाराच्या कडेने कडुनिंबांची रांग होती, चांगली वाढलेली. मॅनेजर पुण्याचा निघाला. मराठी ऐकून खूश झाला.

"मॅडम, वरून सरळ एका रेषेत उडवायची," तो म्हणाला. "रस्त्यावरून आमची पाटी दिसत नाही. परत फुटतात ना?"

"फुटतात. पण शेंडा उडवला की वरून पाणी मुरतं, खोड आतून कुजायला लागतं. आणि नवे फुटवे येतात ते नुसते चिकटलेले असतात, वाऱ्यात निखळतात. मी मधल्या फांद्या विरळ करून देते. पाटी दिसेल."

"पूर्ण दिसेल?"

"पूर्ण नाही. पाटी थोडी खाली घेता आली तर..."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. त्याच्या वर कुणीतरी होतं, त्या कुणाच्या तरी वर आणखी कुणी. आणि त्यांतल्या कुणाला तरी विमानतळावरून येताना पाटी दिसली नव्हती. मी नाही म्हणाले आणि आम्ही निघालो.

टेम्पोत सेल्वमने दोर गुंडाळून ठेवले. मग म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात. झाड वाचलं का?"

"आपल्या हातून नाही मेलं."

"म्हणजे तुमचे हात वाचले," तो म्हणाला.

काही दिवसांनी दुसऱ्या कामाला त्याच रस्त्याने गेले. पाटी लख्ख दिसत होती. खाली कडुनिंबांचे नुसते खांब. उतरून जवळ गेले. कुऱ्हाडीचे घाव नव्हते. करवतीने घेतलेले साफ, तिरके काप होते, पाणी ओघळून जावं म्हणून उतार दिलेले. ते काप कुणाचे ते मला ओळखू आलं. मीच शिकवले होते.

सेल्वमने लपवलं नाही. "हो, आम्हीच केलं. दिवाळी तोंडावर आली आहे, पोरं बसून होती. कुऱ्हाडवाले आले असते तर साली सोलून ठेवल्या असत्या. मी निदान स्वच्छ कापलं." मग म्हणाला, "आणि मॅडम, तुम्ही तिथे थांबून भांडला असतात तर मी अर्धी तरी राखली असती. तुम्ही नाही म्हणून निघून आलात."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. राग होता, पण त्याहून जास्त होतं ते असं की त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं. नाही म्हणणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. आपण घरी जातो, झाड तिथेच राहतं.

अशा मनःस्थितीत नुंगंबाक्कमहून अक्कांचा फोन आला.

अक्का म्हणजे अंबुजाबाई. कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेल्या मराठी घराण्यातल्या. लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या शेजारच्या आवारात मी कधीतरी आंबा छाटायला गेले होते, तेव्हा आईशी फोनवर बोलत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "अम्मा, तूं मराठी काय?" वर पाहिलं तर पांढऱ्या केसांत मोगरा माळलेली एक बाई स्टुलावर चढून माझ्याकडे बघत होती. त्यांची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, आणि तिला तमिळ हेल. पहिल्यांदा ऐकताना मला हसू आलं होतं, नंतर त्याची सवय झाली, आणि मग गरज. नुंगंबाक्कमला काम असलं की दुपारचं जेवण त्यांच्याकडे. सांबार-भात, उडदाच्या पिठाची डांगर पचडी, आणि वर "घे ग, लाजूं नको." आवडीला परतताना वाटायचं, आपण माहेरून निघालो.

त्यांच्या दारात वर्षावृक्ष होता. तमिळमध्ये त्याला तूंगुमूंजी म्हणतात, म्हणजे झोपाळू तोंडाचा. संध्याकाळ झाली की पानं मिटतो म्हणून. त्याचा विस्तार घराच्या दुप्पट. एक मोठी फांदी थेट वरच्या मजल्यावर गेलेली, आणि त्या मजल्यावर अक्कांचे धाकटे भाऊ श्रीनिवासराव राहायचे. विमा कंपनीत नोकरी केलेले, विधुर, हळू बोलणारे. आदल्या पावसाळ्यात त्याच रस्त्यावर एक फांदी उभ्या रिक्षावर कोसळली होती. रिक्षा रिकामी होती, पण तिचा टप वाकून बसलेला त्यांनी पाहिला, आणि तेव्हापासून ते आपली खोली सोडून जिन्याजवळच्या बोळात चटई टाकून झोपायचे. त्यांना झाड पाडायला हवं होतं. घर अक्कांच्या नावावर होतं, आणि अक्का ऐकत नव्हत्या.

"तूं येऊन बघ," अक्का फोनवर म्हणाल्या. "आणि त्यास सांग. माझें तो ऐकत नाहीं, तुझें ऐकेल."

मी गेले. त्या वेळी मी स्वतः चढत असे. दोर कमरेला बांधला, सेल्वमच्या माणसांनी खालून धरला. वर्षावृक्षावर चढणं म्हणजे एखाद्या मोठ्या, गार देवळात शिरणं. खाली रस्त्याचे हॉर्न, वर फक्त पानांची कुजबुज. लाकडी हातोडीने खोड ठोकत, आवाज ऐकत मी वर गेले. खोड भरीव वाजत होतं. मला बरं वाटलं. मग बेचक्यापाशी आले, जिथून खोडाचे दोन भाग होतात, एक रस्त्याकडे आणि एक घराकडे. तिथे आवाज बदलला. हाताने शेवाळ सारलं. दोन्ही भागांच्या मध्ये साल आत दडपली गेली होती. ते एकमेकांना चिकटून वाढलेले दिसत होते, पण जुळलेले नव्हते. आणि खाली उतरत गेलेली एक चीर, ताजी, कडांना ओल असलेली. घराकडचा सगळा भार त्या चिरेवर लोंबकळत होता.

खालून अक्कांचा आवाज आला, "बरें आहे ना ग?"

मला त्या क्षणी फार दमल्यासारखं झालं. चीर जुनी आहे म्हणावं, यंदा काढेल म्हणावं, पुढच्या वर्षी बघू म्हणावं. कदाचित काढलंही असतं. झाडं आपल्या हिशेबाबाहेर पुष्कळ काढतात.

उतरले तेव्हा अक्का पायरीवर एकट्याच उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी ओळखलं असावं, कारण त्या घाईने म्हणाल्या, "भावापुढें सांग, झाड चांगलें आहे."

"अक्का, वर चीर आहे. मोठी आहे."

"चीर कोणास नसते? मीं तुला झाड वांचवायला बोलावलें."

"मला ठाऊक आहे."

"तर मग?" त्यांनी माझा हात धरला. "तूं लेकीसारखी आहेस म्हणून सांगतें. इतकें एक बोल."

कुणी पैशांचं आमिष दाखवलं असतं तर मी ताडकन उठून गेले असते. हे तसं नव्हतं. ज्या हाताने मला वाढलं तो हात होता. मी म्हणाले, "आत चला," आणि आत गेल्यावर कॉफी येण्याआधीच दोघांपुढे सगळं सांगून टाकलं. थांबले असते तर बोलवलं नसतं.

श्रीनिवासराव विजयी झाल्यासारखे दिसले नाहीत. फक्त खुर्चीत मागे टेकले. "मीं म्हणत होतों," इतकंच पुटपुटले. "मग पाडूं या."

"पाडायची गरज नाही," मी म्हणाले. "खोड चांगलं आहे, मुळं चांगली आहेत. घराकडचा भाग बेचक्यापासून उतरवायचा. रस्त्याकडचाही पुष्कळ आखडून घ्यायचा, म्हणजे एका बाजूला ओढ राहणार नाही. उंची निम्मी होईल. दोन-तीन वर्षं वाईट दिसेल, फार वाईट. पण हे झाड पुन्हा फुटेल. जगेल."

अक्कांनी विचारलं, "वाईट म्हणजे कसें?"

मी सांगितलं. सांगताना हाताने आकार दाखवला. आता वाटतं, तो दाखवायला नको होता. त्या बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असें करूं नको. त्यापेक्षां पाडून टाक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. श्रीनिवासरावांनाही तसंच वाटलं असावं.

"आमची आत्या," अक्का म्हणाल्या. "तिचा नवरा गेला तेव्हां मी लहान होतें. तिचे केंस गुडघ्यापर्यंत. मी तिची वेणी धरून तिच्या मागें फिरत असें. एके सकाळीं न्हावी मागल्या दारानें आला. मज खोलींत कोंडलें होतें, पण फटींतून दिसलें. सगळे म्हणाले, काय झालें त्यांत, जीव तर आहे. आत्या पुष्कळ वर्षें जगली. जगली म्हणजे काय ग? तांबडें लुगडें, बोडकें डोकें, आणि कोणी आलें कीं भिंतीआड. माझ्या दारांत मज पुन्हां तें बघायचें नाहीं."

दारात उभा असलेला सेल्वम, मराठी न कळताही, मान खाली घालून बाहेर गेला.

मी हळूच म्हणाले, "अक्का, झाड माणूस नाही. त्याला लाज वाटत नाही."

"तें तुला काय ठाऊक?"

"ठाऊक नाही. पण त्याला जगायचं असतं, एवढं दिसतं."

"माणूस नाहीं म्हणतेस," अक्का शांतपणे म्हणाल्या, वर्गात पोरीची चूक दाखवावी तशा. "मग त्याच्या वतीनें तूं कशी बोलतेस?"

इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी माझ्याशी हुज्जत घातली, पण तो एक प्रश्न त्या सगळ्यांना पुरून उरला. पान कधी मिटतं, साल कुठे भरते, मूळ कुठे वळतं, एवढंच मी बघते. त्यावरून त्याला काय हवं ते ठरवते, आणि लोकांना छातीठोक सांगते. सांगावं लागतं. कारण मी नाही बोलले तर फक्त पाटी बोलेल, गाडी बोलेल, टाकी बोलेल. पण छातीठोक सांगताना आत कुठेतरी अक्कांचा तो शांत आवाज असतोच.

बोलले ते श्रीनिवासराव. ते बहिणीहून बरेच लहान. "अक्का, आत्याचे केंस मीं कधीं पाहिलेच नाहींत," ते म्हणाले. "मज समजूं लागलें तेव्हां ती तशीच होती. मीं तिच्याच मांडीवर झोपलों. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला मज आवडायचें, खरखरीत लागायचें. ती गोष्टी सांगायची, हसायची. भिंतीआड जायची ती मोठ्यांसमोर. माझ्यासमोर नाहीं." मग ते बहिणीकडे वळले. "तुला ती तशी दिसली असेल. पण ती नव्हती असें म्हणूं नको. मज वाढवलें तिनें."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. साठ वर्षं एका घरात काढलेल्या माणसाला पहिल्यांदा बघावं तशा.

"तूंच पाडा म्हणत होतास," त्या अखेर म्हणाल्या.

"मज झोंप हवी होती, अक्का. झाडाचा जीव नको होता."

अक्का उठल्या. पदर सावरला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "करा काय तें. मी बघणार नाहीं."

काम ढगाळ दिवशी केलं. पुढची दारं-खिडक्या बंद होत्या. घराकडचा भाग तुकड्या-तुकड्याने, दोराने बांधून उतरवला. सेल्वमने स्वतः दोर धरला होता, एकही ढलपा कौलावर पडू दिला नाही. शेवटचा ओंडका सुटला आणि बेचकं उघडं पडलं. आत काळी, ओली, भाजल्यासारखी पोकळी. पाऊस-वाऱ्याचे दोन दिवस तरी त्या फांदीने सोसले असते का, देव जाणे. मला ती पोकळी अक्कांना दाखवायची होती. बंद दाराशी गेले, कडीला हात लावला, आणि परत फिरले. आपण बरोबर होतो हे दाखवण्याची हौस आणि माणसाला खरं दाखवण्याची गरज, यांत फरक असतो, आणि त्या क्षणी माझ्या हातात नेमकं काय होतं ते मला सांगता येत नव्हतं. श्रीनिवासराव खाली आले. त्यांनी पोकळीत बोटं घातली, काळा भुगा चिमटीत धरून पाहिला, आणि धोतराला हात पुसला.

संध्याकाळी उरलेली पानं नेहमीसारखी मिटली. तेवढी मूठभर पानं, त्या एवढ्या धुडावर. रस्त्यावरून जाणारा एक तरुण थांबून म्हणाला, "लाज वाटत नाही का तुम्हाला?" मी काही समजावलं नाही. सेल्वम मात्र हसला. "बघा मॅडम. पेरुंगुडीला झाडं बोडकी केली तिथून मिठाईचा डबा आला. इथे वाचवलं तर शिव्या."

निघताना अक्का दारात आल्या. मी वाट बघत होते, काहीतरी बोलतील, रागावतील. त्या म्हणाल्या, "पोयिट्टु वांगो." या मग, असं तमिळमध्ये, एखाद्या परक्या बाईला म्हणावं तसं, आदरार्थी. तीन-चार वर्षांत त्या माझ्याशी एक शब्द तमिळ बोलल्या नव्हत्या. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का? मी नुसती मान हलवली.

तो पावसाळा मोठा झाला. गल्ल्यांमधून पाणी भरलं, झाडं कोसळली, तारा तुटल्या. माझी आणि सेल्वमची धावपळ चालू होती, पडलेल्या झाडांखालून रस्ते मोकळे करायची. नुंगंबाक्कमवरून जायचे तेव्हा लांबून बघायचे. खुंटासारखं ते झाड पावसात उभं होतं, घर त्याच्यामागे उघडं पडल्यासारखं. फांदी ठेवली असती तर ती पडली असती का? कुणी सांगू शकत नाही. कापलेली फांदी सगळ्यांना दिसते. न पडलेली कुणालाच दिसत नाही. आमच्या धंद्यात केलेल्या चांगल्याचा पुरावा असा कधी उरतच नाही, उरतो तो फक्त डाग. मधे एकदा श्रीनिवासरावांचा फोन आला. "खोलींत झोपतों आतां," एवढंच म्हणाले. अक्कांबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मला वाटतं त्या वर्षानंतर मी बदलले. नाही म्हणून निघून येणं कमी झालं. थांबते, भांडते, अर्ध्यावर येते, अर्ध्यातलं अर्धं गमावते. पेरुंगुडीच्या त्या ऑफिसातही पुन्हा गेले होते, त्या मॅनेजरच्या जागी दुसरा आलेला. निखळणारे फुटवे निवडून काढले, प्रत्येक खोडावर दोन-तीन बळकट राखले. पाटी अर्धी झाकली गेली तेव्हा त्यांनी ती हलवली. पण हे सगळं करायला वर्षं गेली, आणि प्रत्येक झाडामागे इतकं बोलावं लागलं, की कधीकधी वाटतं, संत्र्याच्या बागेतच राहायला हवं होतं. तिथे झाडं कमी बोलायला लावत होती.

वर्षावृक्ष फुटला. पुढच्या उन्हाळ्यात आधी खोडावरच पालवीचे झुबके आले, विचित्र, अंगावर केस उगवावेत तसे. मग फांद्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याला वेडावाकडा का होईना, आकार आला. मी हे रस्त्याच्या पलीकडूनच पाहिलं.

पोंगल होऊन गेल्यावर एका सकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा होता, म्हणून मला वाटलं श्रीनिवासराव असतील.

"अम्मा," आवाज आला. "मागल्या दारचा निंब. जरा येऊन बघ."

मी गेले. अक्का वाकल्या होत्या थोड्या, काठी आली होती हातात, मोगरा तसाच. वर्षावृक्षाबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही. त्या मला घरातून सरळ मागच्या अंगणात घेऊन गेल्या. विहिरीशेजारी उंच कडुनिंब होता, स्वयंपाकघराच्या छपरावर सावली धरून. दरवर्षी त्याच्या फुलांचा रसम व्हायचा या घरात, मीही खाल्ला होता. फुलं सुपात वाळत घातलेली मला आठवत होती. अक्का विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या.

"असेल तें सांग," म्हणाल्या. "मी बसतें इथें."

बघायला फार वेळ लागला नाही. बुडाशी, माती सारल्याबरोबर, लाखेसारखी चकाकणारी तपकिरी बुरशी होती, खोडाला अर्धा वेढा घालून. हातोडी मारली तर आवाज मडक्यासारखा आला. दुसऱ्या बाजूने सळई सहज आत गेली. मुळंच गेली होती. वर पाहिलं तर पानं हिरवीगार, झाड उन्हात झुलत होतं, त्याला काही पत्ताच नव्हता. की होता, मला कसं कळणार.

मी त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसले. "अक्का, हे आखडून भागणार नाही. पाडावं लागेल."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्या आता विचारतील, नक्की का, दुसरं काही करता येणार नाही का. त्या म्हणाल्या, "बरें. केव्हां?"

मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. मी वाऱ्याचा, पावसाचा अंदाज बांधला. उन्हाळ्यापर्यंत वादळ येत नाही, मुळांवर ओल चढत नाही, तोवर धोका थोडा. "फुलं येऊन जाऊ देत," मी म्हणाले. "तेवढं थांबता येईल. ती वेचून घ्या यंदाची, मग आम्ही येतो."

अक्कांनी वर झाडाकडे पाहिलं. मग मान हलवली.

"नको ग," त्या म्हणाल्या. "आतांच कर. फुलें बघितलीं कीं मग मीच तुला नाहीं म्हणेन."

मी पिशवीतून मोबाईल काढला आणि सेल्वमला फोन लावला.